पुण्यातली परिषद आणि पाचाडची पाटी

आपल्याकडे गिऱ्हाईक येऊच नये, अशी मनापासून इच्छा असलेला माणूस एकदा माझ्याकडे जाहिरात करायला आला होता. पोलादपूरचा क्रेनवाला. आंबेनळी घाटात गाडी कठडा तोडून खाली उतरली, की ती वर ओढून काढायची हा त्याचा धंदा. खुर्चीत टेकला, घटाघटा पाणी प्याला आणि म्हणाला, "मॅडम, लोकांचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाय. पण झालंच, तर नंबर माझा दिसला पाहिजे."

मी त्याला फोनच्या नकाशावर आणला, क्रेनचे चारही बाजूंनी फोटो काढले, "चोवीस तास सेवा" असं लिहिलं. महिनाभराने गडी पुन्हा दारात. एकही फोन नाही म्हणे. आता घाटात रेंजच नसते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तरी आम्ही दोघं शहाणी माणसं ते विसरून बसलो होतो. शेवटी घाटाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, रेंज मिळते तिथे, चहाच्या टपऱ्यांवर पत्रे ठोकले आणि त्यावर ऑइलपेंटने त्याचा नंबर रंगवून घेतला. त्याचा फोन वाजायला लागला. डिजिटल मार्केटिंगमधलं माझं सर्वांत यशस्वी काम ते, आणि ते पत्र्यावर आहे.

महाडच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे. आधी लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवून द्यायची, मग फ्लेक्स आले. सावित्री नदीचं पाणी दुकानात शिरलं त्या वर्षी फ्लेक्सचं मशीन गेलं, ते मी पुन्हा घेतलं नाही. लॅपटॉप उचलून माडीवर पळता येतं, मशीन घेऊन पळता येत नाही. मी डिजिटलकडे वळले त्यामागे दूरदृष्टी वगैरे काही नाही, एवढंच कारण आहे. लोक मात्र उगाच "ताई काळाच्या पुढे" म्हणतात आणि मी म्हणू देते.

हा धंदा म्हणजे नक्की काय, ते सांगते, कारण माझ्या घरातही ते अजून नीट कुणाला कळलेलं नाही. दुकान, खानावळ, राहण्याची सोय, जे काही असेल ते फोनच्या नकाशावर योग्य जागी टाकायचं. फोटो असे काढायचे की माणसाला तिथे जावंसं वाटेल, पण गेल्यावर शिव्या घालाव्याशा वाटणार नाहीत. वेळा लिहायच्या. आणि लोक खाली जे अभिप्राय लिहितात, ज्यांना सगळे रिव्ह्यू म्हणतात, त्यांना गोड उत्तरं द्यायची. शिवथरला एकाची घरगुती राहण्याची सोय आहे. त्याला एकाच आठवड्यात एकाने पाच तारे दिले, कारण तिथे मोबाईलला रेंज नाही, आणि दुसऱ्याने एक तारा दिला, कारण तिथे मोबाईलला रेंज नाही. दोघांचेही मी मनापासून आभार मानले. त्याच माणसाने पावसाळ्यातल्या धबधब्याचा फोटो लावायला लावला होता. एप्रिलमध्ये आलेली मंडळी त्याच्या अंगावर धावून गेली, तेव्हा त्याने मला फोन करून सांगितलं, "ताई, धबधबा दुरुस्तीसाठी बंद आहे असं लिहा." आता धबधब्याची दुरुस्ती कोण करतं, देव जाणे.

तर अशी सगळी माणसं. त्यात विमल.

विमल पाचाडची. गडावरून उतरणाऱ्या लोकांना ती जेवण घालते. नवरा शांताराम महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर होता, ते कंत्राट पुढे चाललं नाही आणि त्यानंतर घर तिच्या चुलीवर आलं. पडवीत टेबलं, मागे चूल. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा, आणि आधी फोन करून सांगितलं तर गावठी कोंबडी. शांताराम कांदे चिरतो, पाणी भरतो, ताटं मांडतो. पूर्वी बाहेर खडूने "येथे घरगुती जेवण मिळेल" एवढंच लिहिलेलं असायचं. ती माझ्याकडे आली तेव्हा फोनवर टाकायला नाव हवं होतं. "ठेव गो कायतरी चांगलं," म्हणाली. मी "निसर्ग घरगुती भोजनालय" असं ठेवलं. आमच्या भागातल्या निम्म्या खानावळी निसर्ग आहेत आणि उरलेल्या माऊली.

विमलचं आडनाव कांबळे. आम्ही दोघीही बौद्ध. पण माझं आडनाव मोरे, आणि मोरे सगळ्यांच्यात असतात. कुणी विचारलं, "कुठले मोरे?" तर मी म्हणते, "पोलादपूरकडचे," आणि ते खरंच आहे. ऐकणारा त्याला हवा तो अर्थ घेतो आणि चहा मागवतो. बाजारपेठेत इतकी वर्षं धंदा केला, हे आडनाव मला सोयीचं पडलं. विमलला ती सोय नाही. तिच्याकडे लोकांनी जेवायचं असतं, आणि आपल्याकडे माणूस गाडीत पेट्रोल भरताना आडनाव विचारत नाही, पण ताटावर बसताना त्याला ते आठवतं. सगळेच असे नाहीत. पण कोण तसा नि कोण नाही, हे पिठलं उकळायच्या आधी कळत नाही. म्हणून मी निसर्ग ठेवलं होतं. का ठेवलं, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोघींना माहीत होतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पुण्यात डिजिटल मार्केटिंगवाल्यांची मोठी परिषद भरली. मी ज्या कंपनीकडून मेसेज पाठवायची सेवा घेते, तिने दोन पास पाठवले. माझी मुलगी येणार होती, तिची परीक्षा निघाली. हे विमलच्या कानावर गेलं तसा तिचा फोन आला. "मला ने गो ताय. तू काय काम करतेस ते मला कधी दिसतच नाय. तितं तरी दिसंल."

वरंध घाट बंद होता, म्हणून पहाटेच्या एसटीने माणगावावरून ताम्हिणीमार्गे गेलो. विमलने ठेवणीतली साडी नेसली होती आणि डब्यात भाकऱ्या घेतल्या होत्या, कारण "तितं काय मिळंल न मिळंल".

परिषद मोठ्या हॉटेलात. दारातच एक मुलगी कॉम्प्युटर घेऊन बसलेली. नाव सांगायचं, ते लगेच छापून येतं, आणि दोरी लावून गळ्यात घालायचं. मी माझं सांगितलं. विमलला तिने विचारलं, "फुल नेम, मॅम?" विमलने शाळेत हजेरी देतात तशा खणखणीत आवाजात सांगितलं, "विमल शांताराम कांबळे." मशीनमधून कार्ड आलं. विमल, कांबळे, आणि खाली बिझनेस ओनर. सगळं इंग्रजीत, मोठ्या ठळक अक्षरांत. "खाली काय लिवलंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "धंद्याची मालकीण." ती एकदम गोरीमोरी झाली. "शांतारामला नको सांगू हां," म्हणाली.

आत एवढा गारठा की विमलने पदर कानावरून घेतला. पडद्यावर एक तरुण नरसाळ्याचं चित्र दाखवत होता. वर पुष्कळ माणसं, मध्ये थोडी, खाली अगदी दोन-चार. वरून जाहिरात ओतायची, खालून गिऱ्हाईक पडतं, असा त्याचा अर्थ. विमल माझ्या कानाशी लागली. "नरसाळ्यातनं तर सगळंच खाली पडतं की गो. हेचं गळतंय कुठं?" मी तिला कोपराने गप्प केलं. पुढचा वक्ता एक यंत्र घेऊन आला, ते तुमच्यासाठी मराठीत जाहिरात लिहून देतं. त्याने तिथल्या तिथे एका खानावळीची लिहून दाखवली: "आमच्या प्रामाणिक चवीच्या प्रवासात सहभागी व्हा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण तीन ठिकाणी मी असलंच काहीतरी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं आहे.

खरं सांगायचं तर अशा परिषदेत शिकण्यासारखं थोडं असतं. बोलणारे ऐकणाऱ्यांना आपली सेवा विकायला आलेले असतात आणि ऐकणारे एकमेकांना आपापली कार्डं द्यायला. सगळे घाईत, सगळे हसरे. पण मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसत होती आणि मी दिवसभर तीच बघत राहिले. लोक विमलच्या गळ्यातलं नाव वाचत होते.

जेवणाला आम्ही गोल टेबलावर बसलो. दोन मुली जाहिरात कंपनीतल्या, आणि कोट घातलेला एक गृहस्थ, फ्लॅट विकणारा. त्याने विमलच्या गळ्यातलं कार्ड वाचलं. मी हातातला घास तसाच धरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा किंचित थांबतो आणि मग पुन्हा सुरू होतो, ते थांबणं मला लहानपणापासून ओळखता येतं. याचा चेहरा थांबला नाही.

"कांबळे मॅडम, तुमचं रेस्टॉरंट कुठं?"

"पाचाडला. गडाखाली."

"अरे वा! आम्ही दरवर्षी येतो गडावर. काय मिळतं तुमच्याकडे?"

"पिठलं-भाकरी. सांगून आलात तर कोंबडी."

"सांगूनच येतो," असं म्हणून त्याने तिच्यापुढची चटणीची वाटी उचलली, थोडी घेतली आणि परत ठेवली. विमलने ती वाटी बघितली. मग डब्यातली एक भाकरी काढून टेबलाच्या मधोमध ठेवली. त्या मुलींनी आणि त्या गृहस्थाने ती मोडून खाल्ली आणि "वॉव" वगैरे म्हणाले. मला तिथे बसून रडू येईल की काय असं वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी या वयात रडू यावं, याचा मला रागही आला.

दुपारी मसाले विकणारी एक बाई बोलायला उभी राहिली. सुंदर बोलली. म्हणाली, लोक वस्तू घेत नाहीत, माणूस बघून घेतात. तुमचं नाव पुढे करा, चेहरा पुढे करा, लपू नका. माझ्या पाकिटावर माझं आडनाव आहे, ते माझ्या पणजीचंही होतं. पुन्हा टाळ्या. तिचं आडनाव चांगलंच सोयीचं होतं. मग तिने सगळ्यांना शेजाऱ्याकडे वळून एका वाक्यात स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं. विमल माझ्याकडे वळली. "मी विमल कांबळे. मी जेवण करते आन् लोक पोटभर जेवतात." मी म्हटलं, "मी शैला मोरे. मी लोकांची नावं चारचौघांत चांगली दिसतील असं बघते."

"माझं तर निसर्ग ठेवलंस," विमल म्हणाली.

हसत म्हणाली, पण म्हणाली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. कार्ड गळ्यातच होतं. ताम्हिणी उतरलो, माणगाव आलं, तरी तिने ते काढलं नाही. कंडक्टरने ते वाचून "काय मावशी, पुण्यात नोकरी लागली काय?" असं विचारलं, तर ही नुसती हसली. महाडच्या स्टँडवर पाचाडकडे जाणारी जीप उभी होती, त्यात गावातली ओळखीची माणसं बसलेली. तिथे तिने दोरी डोक्यावरून काढली, कार्ड पिशवीत घातलं आणि चेन लावली.

आठवड्याभराने तिचा फोन. "शैलाताय, पाटी बदलायची हाय. कांबळे घरगुती खानावळ. फोनवर पन तसंच."

मी माझ्या धंद्यातली सगळी कारणं तिच्यापुढे मांडली. नाव बदललं की फोनवाल्यांना ती नवीनच जागा वाटू शकते. इतक्या वर्षांचे रिव्ह्यू पुसले जातील. लोक निसर्ग म्हणून शोधतात, त्यांना ती सापडणार नाही. हंगाम तोंडावर आलाय, आत्ता कशाला? ती सगळं ऐकून घेत होती. मी दमले तेव्हा म्हणाली, "खरं सांग. रिव्ह्यूचं भ्या हाय का दुसरंच?"

"दुसरंच," मी म्हटलं.

"मग तसं बोल ना."

तेव्हा मी तसं बोलले. म्हटलं, विमल, बाई गं, तुझी चूल या खानावळीवर चालते. शांतारामला काम नाही. निम्मी गिऱ्हाइकं जीपवाले आणतात. एकेक गाडी तुझ्या दारावरून पुढे गेली तर काय खाशील? मला भीती वाटते. तुझ्यासाठी वाटते, आणि थोडी माझ्यासाठीही वाटते, का ते मला विचारू नकोस.

"तितं दिसभर गळ्यात घातलं," ती म्हणाली. "कायसुदिक झालं नाय गो. माझ्या हातची भाकरी मोडून खाल्ली त्यांनी."

"ते पुणं होतं."

"आन् माझ्याकडे जेवाया येतात ते कुठले? ते पन पुन्याचेच की."

खरंच तर होतं. गडावर येणारी निम्म्याहून जास्त माणसं पुण्या-मुंबईचीच असतात. गावाला तर तिचं आडनाव पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, गावापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच. निसर्ग हे नाव आम्ही ठेवलं होतं ते त्या लांबून येणाऱ्या, शिकल्या-सवरल्या माणसांसाठी.

आता यातली एक मेख बाहेरच्यांना माहीत नसते, ती सांगायला हवी. फोनवर नाव बदलायचं, तर ते नुसतं टाइप करून भागत नाही. नकाशावाले पुरावा मागतात. व्हिडिओ काढून पाठवायचा. त्यात रस्ता दिसला पाहिजे, दारावरची पाटी वाचता आली पाहिजे, आणि मालक स्वतःच्या हाताने कुलूप उघडून आत जाताना दिसला पाहिजे. हे सगळं एका दमात, मध्ये न तोडता. म्हणजे फोनवरचं नाव खरं व्हायचं, तर आधी ते रस्त्यावर लागलं पाहिजे. क्रेनवाल्याच्या वेळी मी पत्र्याला हसले होते, पण शेवटी सगळ्यांची गाडी पत्र्यापाशीच येते.

पाऊस उघडल्यावर पाटी तयार झाली. पिवळ्यावर लाल अक्षरं, विमलने स्वतः रंग सांगितले होते. मी फोन घेऊन पाचाडला गेले तेव्हा शांताराम शिडीवर चढून खिळे ठोकत होता. जीपवाला रघू पडवीत चहा पीत बसला होता. रघू गावातल्याच शेतकरी घरातला, मराठा. गडाचे पॅसेंजर तो विमलकडे आणतो, आणि पॅसेंजर आणणाऱ्या ड्रायव्हरचं जेवण सगळीकडे असतं तसं इथेही फुकट. वर्षानुवर्षं तो मागच्या चुलीपाशी बसून विमलच्या हातचं जेवतोय. कुणी खोदून विचारलंच, तर "घरचं जेवन हाय, निर्धास्त जेवा" एवढंच सांगत आला होता.

पाटी सरळ झाली तसा तो उठून रस्त्यावर गेला, तिथून ती वाचली आणि परत आला. "वैनी, काढ गो ती."

"का रे?"

"माझं काय नाय. मी तर जेवतोच हाय. पन पॅसेंजरनं विचारलं तर मी काय सांगू?"

"आतापरत काय सांगत हुतास?"

"कायच नाय."

"मग आता पन कायच नको सांगू. मी लिवलंय ना."

रघूने कपाळाला हात लावला. "तुज्या भल्याचं बोलतोय गो मी. हंगाम हाय."

"माहीत हाय मला," विमल म्हणाली. तिचा आवाज तेवढा घट्ट नव्हता. तिने दोन वेळा पदर सारखा केला. रघू वाईट माणूस नाही, आणि तो बोलत होता ते खोटं नव्हतं, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना कळत होतं. शांताराम शिडीवरून उतरला आणि हातोडी घेऊन तसाच उभा राहिला. "काय करायचं?" त्याने विचारलं. विमलने दाराला कुलूप लावलं, किल्ली मुठीत घेतली आणि मला म्हणाली, "काढ विडिओ."

मी रस्त्यापासून सुरुवात केली. गडाकडून येणारा रस्ता, वळण, भातखाचरं, मग पडवी, मग पाटी. पाटीवर थोडा वेळ थांबले. विमल चालत दाराशी गेली. आणि नेमकी तेव्हाच गडाकडून एक मोठी पांढरी गाडी खाली आली आणि आमच्यापुढे थांबली. पुण्याचं पासिंग. मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही, मध्ये तोडायचं नसतं म्हणून.

काच खाली झाली. पुढच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "जेवण मिळेल का हो?"

"मिळंल की," विमल म्हणाली. "पिठलं-भाकरी गरम हाय."

मागून "भूक लागलीय" असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. गाडी चालवणारे गृहस्थ उतरले, हात वर करून आळस दिला. शांताराम लगबगीने आडोशाच्या माठाकडे गेला, तांबे भरून आणले आणि टेबलांवर ठेवायला लागला. गृहस्थांनी इकडेतिकडे बघितलं. मग वर बघितलं.

पाटी वाचायला किती वेळ लागतो? त्यांना जरा जास्त लागला.

"कांबळे," ते म्हणाले. अगदी सभ्यपणे, हसून. "कुठले तुम्ही?"

विमल दाराशी होती, किल्ली कुलपात घातलेली. ती वळली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "हितलेच."

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले. गाडीच्या खिडकीशी जाऊन वाकले, आतल्यांशी दोन शब्द बोलले. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "आमची आणखी एक गाडी मागून येतेय. ती आली की सगळे बरोबरच बसतो."

"बसा की तवर," शांताराम म्हणाला.

ते बसले नाहीत. गाडीला टेकून त्यांनी फोन बघितला. मग आत बसले, गाडी सुरू केली आणि महाडच्या रस्त्याला लागले. वळणावर ब्रेकचे दिवे दिसले आणि मग तेही दिसेनासे झाले. मागची गाडी असेलही. कदाचित ती पुढेच निघून गेली असेल आणि यांना नंतर कळलं असेल. मी शपथेवर सांगू शकत नाही. आम्ही उभे होतो तोवर वरून दुसरी कुठली गाडी आली नाही एवढं मात्र खरं.

रघू कुणाकडेच बघत नव्हता. शांताराम भरलेले तांबे परत उचलावेत की ठेवावेत, अशा पेचात टेबलापाशी उभा होता. विमलने कुलूप उघडलं, दार आत ढकललं, आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. तेव्हा कुठे मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"परत घेऊ या गं," मी म्हटलं. "कुलूप लाव, पहिल्यापासून करू. यात मध्येच ती गाडी आलीय."

"गाडी आली ती गेली," विमल म्हणाली. "पाटी दिसतेय का?"

"दिसतेय."

"कुलूप मीच उघडलं, ते?"

"तेही दिसतंय."

"आन् मी त्यास्नी बोलले, ते ऐकाया येतंय?"

मी फोन कानाशी धरून बघितलं. वारा होता, इंजिनाचा आवाज होता. त्यातून तिचं "हितलेच" एवढं एक स्पष्ट येत होतं.

"येतंय," मी म्हटलं.

"मग पाठव."

मी पाठवला.